हातोडी आत हाय

सई आणि ओजस,

तुमचा फोटो मी बेळगाव कॅम्पातल्या दुकानातून मोठा करून आणला आणि टेबलावर काचेखाली ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातली लाल माती, पांढरं तळं, त्याच्या काठी तुमचा निळा तंबू, आणि मागे बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचा लोखंडी सांगाडा. दोन दिवस गाडीतून गेलात, वाटेत माणूस दिसलं नाही, असं बाबा सांगत होता. फोटोखाली सईनं लिहिलंय, ‘आजी, तू कधी तंबूत राहिली आहेस का?’

राहिले आहे. एकदाच. तेसुद्धा खाणीच्याच मुलखात, तळ्याकाठी. दोन वर्षं झाली त्याला. तुमच्या बाबाला ती गोष्ट ठाऊक आहे, पण अर्धी. आजोबांनी त्याला फोनवर जेवढी सांगितली तेवढी. गेल्या महिन्यात तो तुम्हांला सांगत होता, ‘आजोबा इतके चांगले की तीस-बत्तीस वर्षांनी कामगारांची हत्यारं परत द्यायला गेले.’ मी फोनवर ऐकत होते आणि गप्प राहिले. आता कार्तिक लागलाय, दिवाळीचा पाडवा चार दिवसांपूर्वी झाला, आजोबा नाहीत. उरलेली अर्धी आता मीच सांगायला हवी. मी गेल्यावर तुम्हांला ती चुकीची कळलेली मला चालणार नाही.

आधी खाणीबद्दल. खानापूर सोडून लोंढ्याकडे गेलं आणि पुढं रामनगरच्या बाजूला जंगलात शिरलं की मँगनीजच्या जुन्या खाणी लागतात. तुमच्याकडच्यासारख्या अफाट नव्हेत. डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेला एक खड्डा, एक पत्र्याची शेड, दोन खोल्यांचं घर आणि लॉऱ्या वळायला सपाट केलेलं पटांगण, एवढीच आमची खाण. आजोबा तिथं फोरमन होते. मी बेळगावात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी एवढीच मी तिथं असे. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आणि तुमचा बाबा, दोन्ही बरोबर.

तिथलं मला सगळ्यांत आधी काय आठवतं म्हणाल, तर आवाज. चौदा बायका पटांगणात ओळीनं बसून दगड फोडायच्या. खड्ड्यातून आलेल्या दगडात माल कुठला आणि नुसता दगड कुठला, हे निवडायचं काम त्यांचं. हातोडीचा एक ठोका, मग तुकडा तळहातावर, क्षणभर थांबणं, आणि मग उजवीकडे किंवा डावीकडे टाकणं. माल जड असतो. डोळ्यांनी फसायला होतं, हाताला नाही. चौदा हातोड्या आणि चौदा थांबे असा तो आवाज होता. लांबून ऐकलं तर कौलांवरून पागोळ्या पडाव्यात तसा. मी घरात वह्या तपासत बसले असताना आवाज थांबला की मान वर करायचे. लॉरी आली, असं समजायचं.

काळा दगड, त्याची काळी भुकटी. ती हाताला लागली की साबणानं जात नाही. तुमचा बाबा पाच वर्षांचा होता, गोरागोमटा. बायका येताजाता त्याचे गाल ओढायच्या. संध्याकाळी त्याला न्हाऊ घालताना त्याच्या गालांवर बोटांचे ठसे मोजता यायचे. मला तेव्हा राग यायचा. खोबरेल तेल लावून चोळून काढायचे मी ते.

पावसात खाण बंद असे. मृगाच्या आधी काम थांबायचं, खड्डा पाण्यानं भरायचा, आणि दिवाळीनंतर पंप लावून पाणी उपसलं की पुन्हा सुरू. मधले चार-पाच महिने बायका आपापल्या भाताच्या शेतात. पण जाताना त्या हातोड्या घरी नेत नसत. शेवटच्या दिवशी पिंपात हातोडी धुवायची, दांड्याला शेंगतेल चोळायचं आणि शेडमधल्या फळीवर ठेवायची. पाडव्याला फोरमननं एकेक हातोडी हळदकुंकू लावून, खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर परत हातात द्यायची. प्रत्येकीच्या दांड्यावर तिची खूण कोरलेली असे. कुणाची दोन खाचा, कुणाचा नाग, कुणाचं तुळशीवृंदावन, कुणी बांगडीच्या तारेचा वेढा दिलेला. आजोबांना नावांपेक्षा खुणा जास्त पाठ होत्या.

हे मी लाकडाचं कौतुक म्हणून सांगत नाही. या रिवाजाला एक अर्थ होता आणि तो सगळ्या मुलखाला ठाऊक होता. हातोडी शेडमध्ये ठेवली की बाईनं शब्द दिला. पुढच्या हंगामाला ती खाणीची. दुसऱ्या कुणी कामाला बोलावलं तर ती एवढंच म्हणायची, ‘हातोडी आत हाय.’ मग बोलावणाराही पुढं बोलत नसे. आणि खाणीनंही हातोडी ठेवून घेतली की तिला काम देण्याचा शब्द दिला. कागद नाही, अंगठा नाही. एक फळी आणि चौदा हातोड्या.

ज्या वर्षाची गोष्ट आहे, त्या वर्षी मे महिन्यात एक पत्र आलं. इंग्रजीत होतं. आजोबांना इंग्रजी येत होतं, पण सरकारी वळणाची लांब वाक्यं ते माझ्याकडून वाचून घेत. मी ओट्यावर उभी राहून वाचलं. खाणीचा परवाना पुढं वाढवून मिळण्याची शक्यता नाही, या हंगामानंतर काम बंद करण्याची तयारी ठेवावी, मात्र हे सारं अंतिम आदेशाच्या अधीन आहे. खाली सही होती, शिक्का नव्हता.

आजोबांनी विचारलं, “म्हणजे बंदच की?”

मी म्हटलं, “तसं नाही लिहिलेलं. अंतिम आदेश यायचाय.”

“परवा त्या हातोड्या ठेवायला येतील. घेऊ का?”

ते दोन शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. ‘घेऊ का.’ मला कुकर उतरवायचा होता. मी म्हटलं, “घ्या. कच्च्या कागदावर पक्की गोष्ट बोलू नये. खरी प्रत येऊ द्या, मग रीतसर सांगा.”

मुलांनो, मी आयुष्यभर मुलींना शिकवलं की वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय अर्थ लावू नका. त्या दिवशी मी वाक्य पूर्ण वाचलं होतं. अर्थही मला कळला होता. तरीही शिक्क्याची वाट बघा म्हणून मी सांगितलं, कारण गोष्टी क्रमानं झालेल्या मला आवडतात.

दोन दिवसांनी चौदा जणी आल्या. गंगाक्का त्यांच्यातली मोठी, म्हणजे तेव्हा चाळिशीची. तिनं आपली हातोडी सगळ्यांच्या आधी ठेवली. मी दारातून बघत होते. आजोबा दर वर्षी प्रत्येकीशी काहीतरी थट्टेचं बोलत. त्या दिवशी ते फळीकडेच बघत होते. गंगाक्का म्हणाली, “सायेब, आज त्वांड का शिवलंय?” बायका हसल्या. आजोबाही हसले.

पावसात खरी प्रत आली नाही. श्रावणात आजोबांना बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत काम मिळालं. शिक्क्याचं पत्र आलं ते दसऱ्यानंतर. तेव्हा ते नव्या कामात होते, रजा नव्हती, आणि धीरही नव्हता. दिवाळी उलटून पंधरा दिवस गेल्यावर ते शेड रिकामी करायला गेले. कुणी भेटलं नाही, असं म्हणाले. भेटायला ते बायकांच्या वस्तीवर गेले नव्हते. चौदा हातोड्या पोत्यात घालून घरी आणल्या. मी त्या एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून हिरव्या ट्रंकेत रचल्या आणि ट्रंक माळ्यावर टाकली. दर दोन वर्षांनी कागद बदलत असे, वाळवी लागू नये म्हणून. तेवढी माझी शिस्त.

तीसहून जास्त वर्षं त्या ट्रंकेविषयी आम्ही बोललो नाही. दोन वर्षांमागं आजोबांच्या हृदयाचं दुखणं बळावलं. डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी ते म्हणाले, “ट्रंक खाली काढायला सुधीरला बोलाव.” सुधीर म्हणजे त्यांचा भाचा, वडगावला राहतो, जंगलात हिंडायचं वेड असलेला, जीपवाला. तो म्हणाला, “मामा, तिकडं लॉज-बिज कायबी नाही ओ. तंबूत झोपाय लागतंय.” आजोबा म्हणाले, “झोपू की.”

मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. मी यादी केली: गोळ्या वारावारानं वेगळ्या पुड्यांत, दोन कांबळी, गादी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, स्टोव्ह. जीपमध्ये माझ्या पायाशी ती ट्रंक. खानापूरच्या आसपास भात काढून झालं होतं. शेतं रिकामी, खळ्यांवर मळणी, हवेत पेंढ्याचा गोडसर, धुळकट वास. कौलांच्या भट्ट्यांचा धूर धुक्यात मिसळून जमिनीलगत पसरलेला. पुढं जंगल सुरू झालं आणि सूर्य दिसेनासा झाला. आजोबा खिडकीला नाक लावून बसले होते. वळणं त्यांना आधीच कळत होती. “आता उतार. आता मोरी.” एका ठिकाणी त्यांनी सांगितलेली मोरी आलीच नाही. नवा पूल होता.

खाणीजवळ आलो हे मला रस्त्यावरून कळलं. लाल माती हळूहळू काळपट झाली. खाणीतून काढून टाकलेल्या दगडांच्या टेकाडांवर आता झाडी आहे, लांबट पानांची. सुधीर म्हणाला, “हे आकेशिया. फॉरेस्टवाल्यांनी लावलंय. मूळचं ऑस्ट्रेलियाचं.” तुमच्याकडचं झाड आमच्या काळ्या दगडावर उभं आहे. दुसरं काही तिथं जगत नाही म्हणे.

आणि खड्डा नव्हता. त्या जागी तळं होतं. पंप थांबला, पाऊस पडत राहिला, इतक्या वर्षांचं पाणी साठलं. हिरवं, निवांत, काठ एकदम तुटलेले. आम्ही उभे होतो तिथून पाण्याखाली दोन पायऱ्या दिसत होत्या, तिसरी अंधुक, पुढं काही नाही. पाणकावळे दगडावर पंख वाळवत होते. गुरं तिथं पाण्यावर येत नाहीत, उतरायला जागाच नाही.

सुधीरनं पटांगणात तंबू मारला. बायका जिथं ओळीनं बसायच्या, तिथंच. दुसरी सपाट जागा नव्हती. आजोबा गुडघे टेकून, रांगत आत गेले आणि आतून म्हणाले, “लहानपणानंतर आज रांगलो.” सुधीर बाहेरून म्हणाला, “मामी, तुम्ही पण रांगा की. कोण बघालंय?” मी रांगले. चष्मा आधी आत ठेवला.

वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. दुपार कलल्यावर सुधीरनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि आम्ही निघालो. पहिल्याच अंगणात एक म्हातारी सुपानं तांदूळ पाखडत होती. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. तिनं हात थांबवला नाही.

“कोण म्हणायचं?”

“मी. खाणीतला,” आजोबा म्हणाले.

“खाणीतलं लई हुते.” मग तिनं वर पाहिलं. “सायेब व्हय? वाळलासा की वो पार. बसा.” आणि माझ्याकडे बघून, “ह्या मास्तरीणबाई. पोरगं कुठं हाय तुमचं? गालाचं?”

मी म्हटलं, “परदेशात आहे. तिकडंही खाणीतच आहे.”

“असू दे,” गंगाक्का म्हणाली. “हात काळं करून घितो का न्हाय?”

आजोबांनी ट्रंक उघडली. कागद सोडत हातोड्या एकेक करून कांबळ्यावर मांडल्या. गंगाक्कानं सूप बाजूला ठेवलं, पण हातोडीला हात लावला नाही. उठली, रांजणावर गेली, हात धुतले, पदराला पुसले, आणि मग नागाच्या खुणेची हातोडी उचलली. दांडा मुठीत धरून दोनदा हवेत हलवला. फणा झिजलेला होता, अंगठ्यानं तिनं तो चाचपला.

“आमी आलतो,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “त्या पाडव्याला. चौदा जणी. कुलूप हुतं. म्हटलं सायेबांची गाडी बिघडली आसंल. नारळ मांडीवर घिऊन बसलो. दुपार झाली, दीस बुडला. दुसऱ्या दिवशी बी आलतो. तुळशीचं लगीन हुईस्तवर रोज कोण ना कोण येऊन कुलूप बघून जात हुती.”

आजोबांनी कांबळ्याची सुरकुती सरळ केली.

“दसऱ्याला निपाणीकडनं मुकादम आलता. टेंपो घिऊन. तंबाखूच्या खुडणीला न्हेतो, पुढं वखारीत काम देतो, उन्हाळ्यापत्तोर काळजी न्हाय म्हणाला. आमी म्हटलं, हातोडी आत हाय. त्यो हसला. हातोडी म्हणजे काय नवरा हाय व्हय, म्हणला. मी म्हटलं, नवऱ्यापरास बरी, सांगितल्या जागी ऱ्हाती.” तिला स्वतःचं उत्तर आठवून हसू आलं, आणि गेलं. “टेंपो रिकामा गेला. आमच्या वस्तीवर त्या वरसी काम न्हाय. एकीला बी न्हाय. शांतीला साळंतनं काढली. सातवीत हुती. गोव्याला एका घरात भांडी घासाय पाठीवली.”

शांती म्हणजे तिची मुलगी. मी विचारलं, “आता कुठं आहे ती?”

“मडगावात. बरं चाललंय. नातवंडं झाली तिला. पण कुठं सही करायची झाली की पेन धरून थांबती अजून.”

आजोबा म्हणाले, “गंगाक्का, माझं चुकलं. मला ठाऊक होतं. मे महिन्यातच चिठ्ठी आली होती.”

तिनं हातोडी खाली ठेवली. हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की साहेबालाही कुणी सांगितलं नाही, तोही फसला. तिनं तसं बोलून दाखवलं. “आमी तर तुमची कीव करत हुतो,” ती म्हणाली. मग, “ठाऊक हुतं, तर मग हातोडी का घितलासा?”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, “धीर झाला नाही.”

मी तिथंच होते, दोन हातांवर. मी ट्रंकेतल्या रिकाम्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होते. चार घड्या, मग आठ. कडेला कड लावून.

त्या संध्याकाळी आम्ही वस्तीवर आणखी सहा घरी गेलो. दोघी हयात होत्या. एकीला ऐकू येत नव्हतं, तिनं हातोडी हुंगली. बाकी चार घरी सुना, लेकी. एका सुनेनं दांडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “आमच्या म्हातारीची व्हय? ठेवा की. नारळ फोडाय हुतीया.” तिच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. सात हातोड्या गेल्या. सात घेऊन आम्ही तळ्यावर परत आलो. आजोबांनी दशमी अर्धी खाल्ली. नुसतं म्हणाले, “झालं एकदाचं.” मला वाटलं, यांचं झालं.

पहाटे थंडीनं जाग आली तेव्हा आजोबा झोपलेले होते. मी रांगत बाहेर आले. तळ्यावर वाफ होती. पटांगणाच्या कडेला जुन्या निवडलेल्या मालाचा एक ढीग तसाच राहिलाय, शेवटच्या हंगामातला, न उचललेला. गंगाक्का त्यावर बसली होती. गाय मागं चरत होती. मांडीवर हातोडी.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. बसायला सांगेल म्हणून थांबले. तिनं सांगितलं नाही. उभ्यानंच मी बोलले. चिठ्ठी इंग्रजीत होती, ती मी वाचली, यांनी विचारलं होतं घेऊ का, मीच घ्या म्हटलं. काल हे मी बोलायला हवं होतं. यांनी माझं नाव घेतलं नाही.

गंगाक्का ऐकत होती. मग म्हणाली, “तुमी वाचली, त्येनी ऐकली. सौंसार दोघांचा. त्यात कुणाचं किती, ते तुमी घरात वाटून घ्या. आमच्याकडं त्यो एकच पाडवा हुता.”

मला वाटलं होतं, ती रागावेल, किंवा म्हणेल की बाई, झालं गेलं. तिनं माझा कबुलीजबाब माझ्याच हातात परत दिला. मी जागची हलले नाही. थोड्या वेळानं तिनं ढिगातले दोन दगड उचलले, एकेक ठोका दिला, आणि दोन तुकडे माझ्या दोन तळहातांवर ठेवले. दोन्ही काळे, दोन्ही सारखे. “माल कुठला?” मी उजवा म्हटलं. “न्हाय,” ती म्हणाली. पुन्हा दोन. पुन्हा चुकले. चौथ्या वेळी बरोबर आलं, पण ते अंदाजानं, आणि तिला ते कळलं. “तुमचा हात न्हाय त्यातला,” ती म्हणाली. “लिवाय येतंय न्हवं? मग कागद काढा. उरलेल्या सात हातोड्या आणा हिकडं.”

मी आणल्या. तिनं दांड्यावरून बोट फिरवत एकेक सांगितली. दोन खाचा: यल्लू, गेली, लेक लोंढ्याला रेल्वे फाटकाजवळ. वृंदावन: पारू, गेली, पोरगा खानापूरला कौलाच्या भट्टीवर. तारेचा वेढा: सुंद्रा, निपाणीला गेली तीन वर्षांनी, मग आलीच न्हाय. मी औषधांच्या यादीच्या पाठीमागं लिहीत गेले. ती मधेच म्हणायची, “वाचून दावा,” आणि मी वाचायचे. एका ठिकाणी मी गावाचं नाव चुकवलं होतं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

तो सगळा हंगाम माझ्या मनात त्या पहाटेच्या भोवती गोळा झाला आहे. भाताचा पेंढा, काळी वाट, तळ्यावरची वाफ, थंडीनं वळलेली बोटं आणि पेन्सिल. तुमच्या फोटोतल्या तळ्याकाठी कोण बसायचं, कुणी दगड फोडले, खाण बंद झाली तेव्हा त्यांना कुणी, कधी सांगितलं, हे मला माहीत नाही. तुम्हांलाही नसेल. तुमचा बाबा आता तिकडं मोठ्या जागेवर आहे. त्याच्या टेबलावर अशी पत्रं येत असतील, शिक्क्याविना आलेली. त्याला हे वाचून दाखवा. तो वाचून दाखवत असेल, तर हा भाग त्यानं गाळू नये.

परतीच्या वाटेवर मी आजोबांना सांगितलं की मी गंगाक्काशी बोलले. ते म्हणाले, “कशाला? मी सांगितलं होतं ना.” मग बऱ्याच वेळानं, खानापूरचा धूर दिसायला लागल्यावर, “काय म्हणाली?” मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, “घरात वाटून घ्यायचं तर अर्धं अर्धं.” मी म्हटलं, “नाही. विचारलंत तुम्ही. उत्तर मी दिलं.” त्यांनी माझा हात हातात घेतला. दोघांच्याही बोटांना काळं लागलेलं होतं. ती भुकटी चार दिवस गेली नाही, आणि या वेळी मी तेल लावलं नाही.

गेल्या आषाढात ते गेले. त्यानंतर सुधीरनं आणि मी लोंढ्याचं घर शोधलं, भट्टीवरचा मुलगा शोधला, रामनगरला एक नात सापडली. तीन हातोड्या पोचल्या. सुंद्राच्या शोधात निपाणीच्या दोन वखारींत जाऊन आलो. तिथल्या बायकांना नाव ठाऊक नव्हतं, पण तारेचा वेढा सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला.

महिन्यातून एकदा मी गंगाक्काच्या सुनेच्या मोबाईलवर फोन करते. गाय कशी आहे, भात किती झालं, शांती आली होती का, एवढंच बोलणं. या पाडव्यालाही केला. ती म्हणाली, “सापडली का सुंद्रा?” मी नाही म्हटलं. “शोधा,” म्हणाली आणि फोन सुनेकडे दिला. माफ केलं असं ती कधी म्हणालेली नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

चौदांपैकी चार हातोड्या अजून माझ्याकडे आहेत. त्या कुणाच्या, ते त्या कागदावर लिहिलेलं आहे. खुणा ओळखणारी बाई हयात आहे, आणि ती माझा फोन घेते.